दाराची वर्गणी

१ सप्टेंबर

आले एकदाची. दोन ट्रंका, पुस्तकांचं एक खोकं, शिवणयंत्र आणि भाची असा सगळा लवाजमा दुपारी वसतिगृहाच्या दारात उतरला. टॅक्सीवाल्याने शिवणयंत्राचे जादा पैसे मागितले. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने यंत्र मुकाट्याने आत आणून ठेवलं.

नोकरदार मुलींचं हे वसतिगृह मला पाहताक्षणी आवडलं. तीन मजले, स्वच्छ जिना, खाली जेवणघर, आणि थेट रस्त्यावर उघडणारं एकच जाड लाकडी दार. दाराला लागूनच माझी खोली, म्हणजे येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी माझ्या खिडकीवरून जाणार. मला हवं तसंच. आयुष्यभर शाळेत शिकवून आता घरी भिंतींना शिकवत बसण्यापेक्षा हे काम शतपटीने बरं.

संस्थेचे सचिव किल्ल्या द्यायला आले होते. माणूस गोड बोलतो, म्हणून त्यांनी दिलेले कागद मी दोनदा वाचले. माझ्याआधीच्या अधीक्षिका बाई इथे एकोणीस वर्षं होत्या, उन्हाळ्यात झोपेतच गेल्या, आणि तेव्हापासून मुली मोकाट सुटल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, बघते. वसतिगृहाच्या खर्चाचं कार्डही त्यांनी हवाली केलं. माझ्या नावाचं, कोरं करकरीत.

भाचीला तिसऱ्या मजल्यावरची आठ नंबरची खोली दिली. शेजारच्या सात नंबरमध्ये जुन्या गाद्या ठेवतात, ती बंदच असते. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा ही चौथीत होती, तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. तिला इथे पहिली नोकरी लागली म्हणून मी या गावातली जागा धरली, हे तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, योगायोग. वाटू दे. संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावरून वाकून तिने ‘मावशी’ अशी हाक मारली, शेवटचा स्वर लांबवत, लहानपणापासून मारते तशी. मी वर न बघताच ओरडले, की कठड्यावर वाकू नकोस.

४ सप्टेंबर

घडी बसते आहे. सकाळी नळाला पाणी, मग डबे, मग शांतता. स्वयंपाकाच्या काकू कामाला चोख, तोंडाला त्याहून चोख. मी भाजीत मीठ कमी करा म्हटलं, तर म्हणाल्या, की बाई, इथे मुली आधीच अळणी आहेत, निदान भाजी तरी राहू द्या.

हजेरीची पद्धत मी माझी लावली. दिवेलागणीला मी जिन्याखाली रजिस्टर घेऊन उभी राहते आणि खोलीचा नंबर पुकारते. मुलींनी आपापल्या खोलीतून ‘हजर’ म्हणायचं. चेहरा बघायची मला गरज नाही. दुसरीची हजेरी लावणाऱ्या मुली मी फळ्याकडे तोंड करून पकडल्या आहेत, नुसत्या आवाजावरून. मान खाली, कानाने ऐकायचं, पेनाने खूण करायची. एक नंबर मी स्वतः. स्वतःला हाक मारून स्वतःच ‘हजर’ म्हणते, तेव्हा वर खसखस पिकते. पिकू दे, त्या निमित्ताने जाग्या असतात.

हजेरी झाली की दाराला कुलूप, किल्ली माझ्या खोलीतल्या खिळ्यावर. मुलींना बजावून ठेवलंय, की जिच्या नावापुढे खूण झाली ती माझ्या जबाबदारीत. जिच्यापुढे नाही, तिने बाहेर उभं राहून कारण सांगायचं.

१२ सप्टेंबर

कार्डाचा महिन्याचा हिशेब आला. किराणा, विजेचे दिवे, पडद्याचं कापड, सगळं माझ्या पावत्यांशी जुळलं. एक ओळ जुळेना. नाव म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं, ‘डी आर एस एम बी एच एल’, आणि पुढे ‘मासिक’. रक्कम किरकोळ, चहाच्या पत्तीच्या चार पाकिटांएवढी. पण किरकोळ म्हणून सोडलेलं भोकच पुढे भगदाड होतं.

काकूंना विचारलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, की मला कार्ड कुठून घासायचं ते ठाऊक नाही, मी भांडी घासते. सचिवांना फोन केला. ते म्हणाले, अहो, एवढ्याशासाठी कुठे डोकं लावता. मी त्यांचं नाव संशयितांत घातलं.

१४ सप्टेंबर

बँकेच्या मदत-क्रमांकावर बरंच संगीत ऐकलं. शेवटी एक चुणचुणीत मुलगी आली. तिने नीट समजावलं. हिशेबावर दिसणारं नाव आणि वेबसाइटचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. कधी कोणी ‘पहिला महिना फुकट’ म्हणून कार्ड नोंदवतो आणि विसरतो. कधी जुनं कार्ड बदललं तरी चालू असलेली वर्गणी आपसूक नव्या कार्डावर येते. ओळखीचं नसेल तर आधी घरात विचारा, म्हणाली, कारण दहात नऊ वेळा घरातलंच कोणीतरी असतं.

घरातलंच कोणीतरी. पडद्याचं कापड मागवायला मी कार्ड एकाच व्यक्तीच्या हातात दिलं होतं.

१५ सप्टेंबर

भाचीला खाली बोलावून विचारलं. सरळ विचारलं, मला आडवळणं जमत नाहीत. सिनेमे बघतेस का, कुठे नाव नोंदवलंस का, माझ्याशी खोटं बोलायची गरज नाही. ती आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. म्हणाली, की मी बसचे पैसे वाचवायला चालत येते, ते तुझ्या कार्डावर सिनेमे बघायला? मी म्हटलं, मग अक्षरं काय आकाशातून पडली? जेवणघराच्या दारात दोन मुली उभ्या होत्या. आवाज खाली आणायला हवा होता. आणला नाही.

तिने ताट तसंच ठेवलं. संध्याकाळी हजेरीला आठ नंबर पुकारला तर वरून उत्तर आलं, “हजर, बाई.”

बाई. इतर मुली म्हणतात तसं. ठीक आहे. राग नाकावर असायचाच, आईची मुलगी आहे.

२० सप्टेंबर

वेबसाइट सापडली. त्या अक्षरांचा उलगडा बँकेनेच करून दिला. नाव ‘दारसांभाळ’. पांढरं पान, चित्र नाही, फोन नाही, पत्ता नाही. कार्डाचे शेवटचे आकडे टाकल्यावर एवढंच उमटलं: ठिकाण, हे वसतिगृह. सेवा, दार. कालावधी, मासिक. सुरू करणाऱ्या, आधीच्या बाई. सतरा वर्षांपूर्वी.

म्हणजे भाचीचा काहीएक संबंध नव्हता. बाई गेल्या, कार्ड बदललं, आणि वर्गणी बँकेतल्या मुलीने सांगितलं तशी नव्या कार्डावर चालत आली. भाचीला हे सांगायला हवं. सांगेन. आज ती उशिरा आली आणि तडक वर गेली.

काकूंना विचारलं, की बाई दाराचं काही करून घेत असत का? त्या म्हणाल्या, की विजेचं बिल थकायचं, दूधवाला थकायचा, पण दाराचे पैसे बाईंनी एकदाही थकवले नाहीत. म्हणायच्या, दिवा गेला तर चालेल, दार राहिलं पाहिजे. काकूंना वाटायचं, कुलपाला तेल घालायला कोणी येत असेल. कोणी येताना मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही.

न येणाऱ्या माणसाला सतरा वर्षं पगार! ‘रद्द करा’ हे बटण दाबलं. कारण विचारलं. मी लिहिलं: अशी कोणतीही सेवा आम्हाला मिळत नाही. मागच्या महिन्यांची रक्कम परत मिळावी म्हणून बँकेत तक्रारही नोंदवली. त्यांना फार मागे जाता येत नाही, पण मागचे तीन महिने मिळतील म्हणाले.

२३ सप्टेंबर

दारसांभाळकडून उत्तर. उद्धट. जसंच्या तसं उतरवून ठेवते, पुढेमागे लागेल.

‘सेवा जाणवत नव्हती, कारण ती मिळत होती. आपल्या इच्छेनुसार बंद करत आहोत. रक्कम परत गेल्यास त्या तीन महिन्यांत दारातून परत पाठवलेल्यांना तसं कळवण्यात येईल.’

धमकी द्यायची ही कोणती तऱ्हा? पत्राची प्रत सचिवांना दिली. त्यांनी ती न वाचता खिशात घातली.

३ ऑक्टोबर

पैसे परत आले. तिन्ही महिन्यांचे. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवले. त्या म्हणाल्या, की छान झालं, पण चेहरा छान झाला नव्हता.

हजेरीला एक गंमत. सहा पुकारलं, ‘हजर’. आठ पुकारणार तेवढ्यात मध्येच एक ‘हजर’ आलं. सात नंबर मी पुकारतच नाही. कोणत्या मुलीचा चावटपणा ते आवाजावरून ओळखायला गेले, आणि ओळखता आलं नाही.

६ ऑक्टोबर

पुन्हा तेच. रोज तेच. आवाज स्वच्छ, विनयशील, तरुण. इथल्या एकीचाही नाही.

सात नंबर उघडून पाहिलं. गाद्या रचलेल्या, धूळ, खिडकी बंद. सगळ्यांत वरच्या गादीवर मात्र धूळ नाही.

आज सापळा लावला. रजिस्टरात सात नंबरची ओळ आखली, मोठ्याने पुकारलं, “खोली सात?” वरून लगेच, “हजर, बाई.” पुरावा हवा म्हणून पुढे खूण केली, तारीख घातली, सही केली. आता चोर सापडेल.

७ ऑक्टोबर

काकू म्हणाल्या, की एक ताट कमी पडलं. मी म्हटलं, मोजायला चुकला असाल. त्या म्हणाल्या, की बाई, ताटं मी झोपेतही मोजते.

दारापाशी चपलांच्या फळीवर एक अनोळखी जोड आहे. दोन्ही डाव्या पायाच्या.

९ ऑक्टोबर

काकूंना खोदून विचारलं. आधी म्हणाल्या, की मेलेल्या माणसाच्या पाठीमागे काय बोलायचं. मग बोलल्या.

सतरा वर्षांपूर्वी सात नंबरमध्ये एक मुलगी राहायची. एकदा तिची आई न कळवता भेटायला आली. मुलगी पायऱ्या उतरून हसत पुढे गेली. आई उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, की ही माझी नव्हे. सगळ्यांनी समजूत काढली. चेहरा तोच, आवाज तोच, उजव्या भुवईवरची खूण तीच. आई ऐकेना. म्हणाली, की माझी मुलगी मला बघितल्यावर आधी भांडते, मग हसते. आई गेली, पुन्हा आली नाही. मुलगीही एका सकाळी नव्हती. बाईंनी खोली बंद केली आणि दाराचे पैसे भरायला लागल्या.

मी काकूंना म्हटलं, अशा गोष्टी मुलींना सांगू नका. त्या म्हणाल्या, मुलींना नाही, तुम्हाला सांगतेय.

१२ ऑक्टोबर

परिचारिका मुलगी, खोली पाच, काल कामावर पोचलीच नाही, असा रुग्णालयातून फोन आला. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. ती दुपारी माझ्या समोरून बाहेर गेली, आणि संध्याकाळी—

संध्याकाळी पाच नंबर पुकारला होता. ‘हजर’ आलं होतं. मी खूण केली होती. ती रात्रपाळीला गेली आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आवाज तिचाच होता. मी शपथेवर सांगेन.

वर गेले. तिने दार उघडलं. केस, गाऊन, हसू, सगळं जिथल्या तिथे. ताप होता म्हणाली, आता बरं आहे म्हणाली. बोलताना माझ्याकडे बघत होती, नवा शिक्षक पहिल्या दिवशी वर्गाकडे बघतो तशी. कोण कुठे बसतं ते लक्षात ठेवत.

कोणावर संशय घेऊ? आजवर नेहमी कोणीतरी असायचं.

१३ ऑक्टोबर

दारसांभाळच्या पानावर गेले. पुन्हा सुरू करा, वर्षाचे एकदम भरते, दुप्पट भरते. उत्तर लगेच आलं.

‘आम्ही बाहेरच्यांना थांबवतो. ज्यांची आत नोंद झाली आहे, त्यांच्याबाबत आमचा इलाज नाही.’

आत नोंद. नोंद मीच केली. तारीख घालून. सही करून.

१४ ऑक्टोबर

सचिवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, दगदग होतेय तुम्हाला, सुट्टी घ्या. पोलिसांत काय सांगू? मुली हजर आहेत अशी तक्रार?

आजपासून हजेरी खाली, समोर उभं करून घेणार होते. सगळ्या आल्या. रांगेत. मी एकेक चेहरा बघितला आणि मला कळेना, की चेहऱ्यात काय बघायचं असतं. एवढी वर्षं मान खाली होती. पुन्हा वर पाठवलं.

फक्त आठ नंबरची खात्री आहे. ती अजून माझ्याकडे बघत नाही. अजून ‘बाई’ म्हणते. तिला इथून हलवायला हवं. उद्या सकाळी बोलते. कार्डाचंही सांगते. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर

सकाळी ती लवकर गेली. चिठ्ठी ठेवू म्हटलं, पण हे चिठ्ठीत लिहायचं नाही.

संध्याकाळ. हजेरी. बाकीच्यांपुढे खुणा केल्या. सात, ‘हजर, बाई’. मग आठ.

“हजर, मावशी.”

शेवटचा स्वर लांबवून. महिन्यानंतर. डोळ्यांत पाणीच आलं. खूण जरा जोरात झाली, कागद फाटला. कुलूप लावलं. आता वर जाते, तिला जवळ घेते, आणि—

दार वाजतंय.

तीच संध्याकाळ

बाहेर ती आहे. म्हणते, कामावर उशीर झाला, चालत आले. बाई, दार उघडा.

मी विचारलं, कोण? म्हणाली, आठ नंबर. मी म्हटलं, आठ नंबर आत आहे. मग म्हणाली, बाई, मी इथे आहे.

आवाज तोच. वरचाही तोच होता.

विचारलं, तुझी आई तुला काय म्हणायची? तिने सांगितलं. बरोबर.

आणि वरून, न विचारता, तेच उत्तर आलं. जिन्याच्या कठड्यावरून. वाकून.

“मावशी, दार नको हं उघडू.”

ते गोड बोलणं. कधी बोलली ती माझ्याशी इतकं गोड? रुसलेली मुलगी रुसूनच येणार. आधी भांडणार. बाहेरची माझी आहे. बाहेरची, ‘बाई’ म्हणणारी.

किल्ली खिळ्यावर नाही.

नसू दे. बरंच झालं, उघडलं असतं.

दाराला तोंड लावून सांगितलं तिला, आत येऊ नकोस. आज नाही, कधीच नाही. रडायला लागली, म्हणाली, बाई, अजून रागावलात? म्हटलं, कार्डाचं तू केलं नव्हतंस. मला केव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी. तुझ्यासाठी आले होते या गावात. आता पळ. काकूंच्या घरी जा. कोणी माझ्या आवाजात बोलावलं तरी येऊ नकोस.

मग अगदी हळू, दाराच्या पलीकडून, मावशी?

हे खरं. हे एकच खरं.

पावलं लांब गेली. पळत. गेली.

खोलीला आतून कडी घातलीय. जिन्यावरून सगळ्या उतरताहेत. घाई नाही. जिन्याखाली रजिस्टर उघडल्याचा आवाज—

खूण खोडायला हवी होती. रजिस्टर बाहेर राहिलं.

कोणीतरी पुकारतंय. माझ्या आवाजात. मान खाली घालून पुकारावं तसं, भराभरा. आठ, हजर. सात, हजर. सहा, हजर. पाच, हजर. उलटं येतंय. वरून खाली.

दोन. हजर.

मी बोलणार नाही. डाव्या हाताने तोंड दाबलंय, घट्ट, उजव्याने हे लिहितेय, म्हणजे मी बोलले नाही याला पुरावा—

खोली एक?

मी बोलले नाही. माझं तोंड बंद आहे. पण दारापलीकडे, अगदी जवळ, माझ्याच आवाजात कोणीतरी ह—